पूर्वभागातला कंदीलमासा

बरणीवरच्या कागदावर बिराजदार सरांचं अक्षर:
बेंथोसेमा. अरबी समुद्र. खोली तीनशे मीटर.
खाली तारीख होती, ती पुसून पुसून मीच घालवली.
मासा माझ्या करंगळीएवढा.
पोटाशी टिपक्यांची ओळ, हातशिलाईसारखी,
डोळा मात्र अंगाच्या मानानं थोरला,
ओरडा खाल्लेलं पोर बघतं तसा.

मी व्यंकटेश कोडम, प्राणिशास्त्राचा शिपाई.
बरण्या पुसतो, झुरळं धरून आणतो, बेसिन घासतो.
समुद्र बघितलेला नाही.
सोलापूर समुद्रापेक्षा साडेचारशे मीटर उंच.
सर म्हणाले, म्हणजे बघ बे व्यंकटेश,
तू जवळपास जेवढा वर, तेवढा हा खाली.
मधे पाण्याची एक रेघ.

ती रेघ डोक्यात राहिली.

दिवसा हा अंधारात असतो.
तिथं पाण्यात प्राणवायू इतका थोडा
की मोठे मासे फिरकत नाहीत;
हा कमी हलतो, कमी श्वास घेतो, तग धरतो,
भाडं परवडतं म्हणून माणसं राहतात तसा.
दिवस बुडाला की चढायला लागतो.
चार सेंटीमीटरचं अंग
आणि जिना केवढा.
वर पोचून मोहरीएवढे जीव खातो,
उजाडायच्या आत परत खाली.
रोज.

माझा अन्ना, नरसप्पा, साखर पेठेत टॉवेलच्या मागांवर होता.
रात्रपाळी.
सकाळी यायचा, खिडकीला चादर ठोकायचा,
त्या हिरवट उजेडात दुपारभर निपचित.
आम्ही कुजबुजत जेवायचो.
अम्मा विड्या वळायची, सूपसुद्धा वाजू द्यायची नाही.

पोटाला दिवे कशाला, मी एकदा विचारलं.
मला वाटलेलं, वाट दिसावी म्हणून.
नाही, सर म्हणाले, सावली लपवायला.
वरून जेवढा उजेड झिरपतो
तेवढाच हा पोटातून सोडतो, बरोब्बर तेवढाच.
मग खालून टपलेल्याला मासा दिसत नाही,
नुसतं पाणी दिसतं.

दिसू नये म्हणून पेटायचं.
मी बेसिन घासत राहिलो.
धाकटीच्या लग्नाचा अल्बम आठवला,
त्यात अन्ना एकाच फोटोत, अर्धा,
कुणाच्या तरी फेट्यामागं.

मार्चमध्ये निलोफर बागवाननं प्रकल्पासाठी
दुसऱ्या बाटलीतला मासा फोडला, स्पिरिटमधला.
फॉर्मेलिनमधला चालत नाही, त्यात कानातला दगड विरघळतो.
माशाच्या कानात दगड असतो, हे मला तेव्हा कळलं.
कणीच्या कणीएवढा.
तिनं तो घासला, काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला.
बघा मामा, म्हणाली.
रेघेच्या आत रेघ, तिच्या आत रेघ.
एका दिवसाची एक.
ती मोजत गेली, ओठ हलवत,
दोनशे सहाला वीज गेली.
कुठं होते मी?
दोनशे सहा, मी सांगितलं.
फार नाही राहिल्या, ती म्हणाली, हे वर्षभरसुद्धा जगत नाहीत.
अंडी घालतात न् संपतात.
आम्ही पंखा सुरू व्हायची वाट बघत बसलो.

अन्नाचे माग भंगारात गेले त्याला चार वर्षं झाली.
आता तो दिवसा झेरॉक्सच्या दुकानात बसतो
आणि रात्री त्याला झोप नाही.
दोनला गच्चीवर जातो.
आसपास एकही माग चालू नसतो,
तो म्हणतो, चालूय की, ऐक.
पाचला खाली उतरतो, चादर शोधतो.

गेल्या महिन्यात त्याला कानाच्या डॉक्टरकडं नेलं.
बत्ती लावून त्यांनी दोन्ही कान बघितले,
वेळ घेऊन बघितले.
आत काही नाही, म्हणाले, स्वच्छ आहे.
मी विचारणार होतो.
मग फी दिली, आणि त्याला ऐकू जावं म्हणून
जरा मोठ्यानं म्हणालो, चल.